बिहूला बसवून ठेवणं : चोपडा तालुक्यातलं हार्टवर्मचं एक प्रकरण

आमच्या गल्लीत बिहू आला तो डिसेंबरात. शेजारच्या वहिनींचा मुलगा फौजेत आहे. तेजपूरला असताना ऐन बिहूच्या सणात त्याच्या बराकीपाशी एक पिल्लू येऊन बसलं आणि उठेचना, म्हणून हे नाव. चार वर्षं ते त्याच्याजवळ वाढलं. मग बदली राजस्थानात झाली, कुत्रा बरोबर नेता येईना. सुट्टी काढून त्यानं बिहूला रेल्वेनं भुसावळपर्यंत आणलं, तिथून गाडी करून गावी, आणि आईच्या स्वाधीन केलं. घरात वहिनी, गुडघ्यांनी बेजार झालेले नाना आणि सातवीतला नातू. खळ्यात एक गाय, तिचं वासरू. शेत केळीचं आणि कपाशीचं.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. घटसर्प, फऱ्या, गोचीडताप हे सगळं हाताखालून गेलेलं. पण कुत्र्याच्या हृदयातल्या जंताचं, म्हणजे हार्टवर्मचं, एकही प्रकरण मी आधी जवळून पाहिलं नव्हतं. हे पाहिलं ते शेजारी म्हणून, रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षभर. औषध डॉक्टरांनी दिलं. ते अंगात जाऊन आपलं काम करत असताना कुत्रा जगवला तो त्या घरानं. हा भाग कागदावर कुठे लिहिला जात नाही, म्हणून लिहितो आहे.

खोकला

फेब्रुवारीत केळीत रानडुकरं शिरायला लागली. बिहू त्यांच्यामागे झेप घ्यायचा, पण बांध ओलांडण्याआधीच थांबायचा आणि तिथंच बसून राहायचा. वहिनी म्हणायच्या, आसामचा कुत्रा, त्याला आपली माती मानवत नाही. रात्री कोरडा खोकला यायचा, घशात हाड अडकल्यासारखा. खाणं ठीक, पण पाठीची हाडं दिसायला लागली होती.

इथं मी चुकलो, ते आधी सांगून टाकतो. मला वाटलं घसा बसला असेल, नाहीतर पोटात जंत असतील. मी नेहमीची जंताची गोळी द्यायला सांगितली. ती दिली, खोकला तसाच राहिला, आणि वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. आपण कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जी गोळी देतो ती आतड्यातल्या जंतांवर चालते. हृदय आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत बसलेल्या जंतापर्यंत तिचा काही उपयोग नाही. 'जंताचं औषध नियमित देतो' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारतो, कुठल्या जंताचं?

मार्चच्या शेवटी आम्ही त्याला जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासायला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "हा कुत्रा इथलाच का?" आसाम म्हणताच त्यांनी रक्त काढलं. काचेवर एक थेंब ठेवून मला सूक्ष्मदर्शकात पाहायला बोलावलं. तांबड्या पेशींच्या गर्दीत केसाहून बारीक एक दोरा जागच्या जागी वळवळत होता. पुढे सरकत नव्हता, पण त्याच्या वळवळण्यानं भोवतीच्या पेशी लाथाडल्यासारख्या बाजूला होत होत्या. ही मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची पिल्लं.

डॉक्टरांनी लगेच निदान केलं नाही, हे मला आवडलं. कुत्र्याच्या रक्तात सापडणारी प्रत्येक मायक्रोफायलेरिया हार्टवर्मची नसते. एक जात त्वचेखाली राहते, एक पिसवांवाटे येते आणि फारसा त्रास देत नाही. म्हणून त्यांनी अँटिजेनची चाचणीही केली. ही चाचणी पूर्ण वाढलेल्या मादीचा अंश रक्तात शोधते. दहा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ उमटली. नंतर नाशिकला सोनोग्राफी झाली तेव्हा हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत पांढऱ्या, जोडीनं चालणाऱ्या बारीक रेघा दिसल्या. एकेक जोडी म्हणजे एकेक जंत. मादी पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब होते, नर तिच्याहून आखूड. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "एवढाल्या शेवया याच्या काळजात?" त्या म्हणाल्या.

आता हिशोब पाहा. डास चावून अळी अंगात शिरल्यापासून तिचा प्रौढ जंत होऊन रक्तात पिल्लं यायला सहा-सात महिने लागतात. बिहू आमच्याकडे येऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. म्हणजे हा रोग त्यानं बरोबर आणला होता. आपल्या देशात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे आढळतो, त्यामुळे इकडे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. पण फौजेतली मुलं, बदलीवाले लोक कुत्री घेऊन देशभर फिरतात, आणि खानदेशात फौजेतली घरं कमी नाहीत. कुत्रा लांबून आणला असेल तर तो कुठून आला हे डॉक्टरांना न विचारता सांगावं.

उपचार काय ठरले

पूर्ण वाढलेल्या जंताला मारणारं एक इंजेक्शन आहे, मेलार्सोमीन. त्यात आर्सेनिकचं संयुग असतं आणि ते कमरेच्या स्नायूत खोल, ठरावीक अंतरानं तीन वेळा देतात. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी हाच मार्ग सुचवते. डॉक्टरांनी बरीच चौकशी केली, पण आम्हाला ते औषध मिळालं नाही. मग दुसरा, सावकाशीचा मार्ग घेतला : २८ दिवस डॉक्सिसायक्लिन आणि दर महिन्याला मानेवर टाकायचं मोक्सिडेक्टिनचं औषध, जंत संपेपर्यंत. हे काम वर्षभराचं किंवा त्याहून जास्तही असू शकतं, आणि तेवढा काळ उरलेले जंत रक्तवाहिन्यांना त्रास देत राहतात, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं.

डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध, ते जंताला कशाला, असा प्रश्न नानांनी विचारला. उत्तर ऐकण्यासारखं होतं. या जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय जंताचं चालत नाही. ते मेले की जंत दुबळा होतो, मादी वांझ होते, आणि पुढे जंत मरतो तेव्हा फुप्फुसाला होणारी सूज कमी राहते. नाना म्हणाले, "म्हणजे आधी त्याची रसद तोडायची." मुलगा फौजेत असलेल्या माणसाला हे लगेच समजलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "औषधाचं मी पाहतो. तुम्ही याला पळू देऊ नका. जंत मेला की तो कुठे जातो? पोटातला जंत शेणावाटे बाहेर पडतो. हा बाहेर पडत नाही. त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात आणि शरीर ते हळूहळू विरघळवतं. कुत्रा शांत बसलेला असेल तर ते निभावतं. तो धावला, हृदयानं जोरात रक्त ढकललं, की अडकलेली नळी फुगते, फुटते."

हे एवढं कळल्यावर मला या आजाराकडे पाहायची दिशा मिळाली. कुत्रा आजारी दिसतो तेव्हा सगळे जपतात. उपचार लागू पडून तो हुशारीत येतो, खायला मागतो, शेपूट हलवतो, तेव्हाच आत जंत मरत असतात आणि तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त आवरायचं असतं.

घरातली व्यवस्था

मोकळा वाढलेला कुत्रा बांधून ठेवायचा म्हणजे रोजची झुंज. पहिले दोन दिवस दोरीला बांधला तर त्यानं ओढून ओढून गळा सोलून घेतला, आणि ओढ घेणं हीसुद्धा मेहनतच. मग नातवानं आणि मी मिळून पडवीत एक कोंडवाडा केला. शेतात तुषार संचाचे जुने पाईप पडलेले होते, ते कापून सहा फूट बाय चार फूट चौकट जुळवली, वर-खाली कापसाच्या चऱ्हाटानं आवळली, आणि चारी बाजूंनी मच्छरदाणी ताणून बसवली. उभा राहील, वळेल, पाय पसरून झोपेल एवढी जागा. मुद्दाम अशा ठिकाणी केला की वहिनींची चूल, नानांची खाट दोन्ही दिसतील. एकटा पडला तर तो रडतो, आणि रडताना उड्या मारतो. माणसं दिसत राहिली की बसतो.

बाहेर काढायचं ते फक्त शू-शी पुरतं, दिवसातून चारदा, आखूड दोरीवर, पट्टा गळ्यात न घालता छातीभोवती. गल्लीतली कुत्री बाहेर पडायच्या आधी आणि झोपल्यावर. पहाटे पाचला वहिनी, दुपारी नातू किंवा मी, संध्याकाळी नातू, रात्री दहाला पुन्हा वहिनी. कुणाची पाळी चुकली तर कुणाची, हे त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवलं होतं. त्याच पानावर औषधाच्या खुणा.

कॅप्सूल देणं हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. वजन वीस किलो, त्या हिशोबानं डॉक्टरांनी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, शंभर मिलिग्रॅमच्या. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत ११२ कॅप्सुला. पहिल्या दिवशी वहिनींनी दुधात द्यायचा घाट घातला. दूध नको, कारण दुधातलं कॅल्शियम औषध बांधून ठेवतं. उपाशीपोटीही नको, कारण ओकारी होते. कॅप्सूल घशात अडकून राहिली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून वरून पाणी किंवा घास हवाच. शेवटी जमलं ते असं : कळण्याची भाकरी गरम असताना कुस्करायची, तिच्यात थोडं मटणाचं पाणी, तिखट-मीठ-कांदा अजिबात नाही. त्या काल्याचे तीन गोळे करायचे. पहिला मोकळा, दुसऱ्यात कॅप्सूल, तिसरा लगेच नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या ओढीनं तो दुसरा गिळून टाकतो. वहिनी हे इतक्या सफाईनं करायला लागल्या की गोळा वळताना कॅप्सूल कधी आत गेली हे मलाही दिसत नसे. दहाव्या दिवसाच्या सुमारास त्याचं खाणं उतरलं, दोनदा ओकला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पोटाचं औषध जोडून दिलं. आपल्या मनानं कॅप्सूल बंद केली नाही, हे महत्त्वाचं.

मानेवरचं औषध पहिल्यांदा टाकलं ते दवाखान्यात. रक्तात पिल्लं भरपूर असतील तर ती एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो, म्हणून आधी अॅलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड दिलं, आणि दिवसभर तिथंच बसवून ठेवलं. काही झालं नाही. पुढच्या महिन्यापासून घरी. केस बाजूला सारून, कातडी दिसली की तिच्यावर, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं त्याची जीभ पोचत नाही. पण वासराची पोचते! हे आम्हाला दुसऱ्या महिन्यात कळलं. वासरू मच्छरदाणीच्या फटीतून जीभ घालून बिहूची मान चाटत उभं. ते औषध कुठल्याही जनावराच्या पोटात जायला नको. वेळेवर दिसलं म्हणून बरं, त्यानंतर औषधाच्या दिवशी वासराची दावण खळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.

वासरावरून आठवलं. गावात एकानं सल्ला दिला, "एवढ्या भानगडी कशाला, गुरांना मारतो ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मार एक." हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि नोकरीत असताना गोचीड झालेल्या कुत्र्यांना असं इंजेक्शन मारलेलं मी पाहिलं आहे. हार्टवर्म होऊ नये म्हणून कुत्र्याला जे आयव्हरमेक्टिन देतात ते किलोमागे सहा मायक्रोग्रॅम. गुरांना किलोमागे दोनशे. तीसपटीहून जास्त फरक. रक्तात पिल्लं असलेल्या कुत्र्याला तो डोस म्हणजे जिवाशी खेळ, आणि कोली जातीच्या रक्ताचा कुत्रा असेल तर मेंदूवरही परिणाम होतो. तसंच दुखण्याची माणसांची गोळी. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक काहीही डॉक्टरांना न विचारता नाही. स्टेरॉइड चालू असताना तर मुळीच नाही.

ऊन, धूर आणि डास

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात. एवढ्या उन्हात निरोगी कुत्राही धापा टाकतो. धाप उन्हाची की आजाराची, हे ओळखायचं कसं, हा प्रश्न आम्हाला रोज पडायचा. डॉक्टरांनी उपाय सांगितला : झोपलेला असताना श्वास मोजा. छाती वर आली-खाली गेली, एक. मिनिटाला तीसच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. सारखा वर जात असेल तर फोन करा.

वहिनींनी यासाठी तुळशीची जपमाळ घेतली. रात्री दहाला बिहू झोपला की त्या कोंडवाड्याशी बसायच्या, नातू मोबाईलवर एक मिनिट लावायचा, आणि छाती वर आली की एक मणी मागे. मिनिट संपलं की बोट तिथंच धरून ठेवायच्या आणि नातू मणी मोजायचा. बावीस. चोवीस. एकवीस. कालनिर्णयाच्या त्या-त्या चौकोनात आकडा. मी आयुष्यभर नोंदवह्या भरल्या, पण इतकी विश्वासू नोंद माझ्या हातून झाल्याचं मला आठवत नाही.

कूलर कोंडवाड्याकडे वळवला. पण कूलरच्या टाकीतलं पाणी हेच डासांचं घर. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, घासून, उन्हात कोरडी करायची. डेंग्यूसाठी आरोग्य खात्याचे लोक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, तोच. रांजण, गाईचा हौद, छतावरची उघडी टाकी सगळ्यांना तोच दिवस. शौचालयाच्या हवेच्या पाईपाला वर जाळी बांधली. हौद फार मोठा, रिकामा होईना, त्यात गप्पी मासे सोडले.

बिहूला तर रोग झालेलाच होता, मग मच्छरदाणी कशाला, असं लोक विचारत. ती गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी होती. डासानं याचं रक्त प्यायलं, पिल्लं डासाच्या पोटात गेली, उबदार हवेत दहा-चौदा दिवसांत ती संसर्गयोग्य अळी झाली, आणि मग तो डास शेजारच्या कुत्र्याला चावला, की रोग पुढे गेला. आमच्याकडचे नेहमीचे डास, गटारातला क्युलेक्स काय आणि टाकीतला एडिस काय, दोघांनाही हे जमतं. एका कुत्र्याच्या चाटण्यानं, चावण्यानं, उष्ट्यानं दुसऱ्याला होत नाही. माणसालाही कुत्र्यापासून थेट होत नाही. क्वचित डासावाटे अळी माणसात शिरली तरी ती तिथं सहसा पूर्ण वाढत नाही. हे मी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, कारण दोन घरांनी आपल्या मुलांना वहिनींच्या ओट्यावर जायला मनाई केली होती आणि वहिनींना ते फार लागलं होतं.

संध्याकाळचा धूर मात्र बंद करायला लावला. कडुनिंबाचा पाला आणि गोवरी पेटवून खळ्यात धूर करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गुरांना बरं वाटतं. पण बिहूची फुप्फुसं आधीच सुजलेली, धुरानं खोकला उठायचा. गाईसाठी धूर लांब परसात, पडवीत फक्त जाळी आणि पंखा. माणसांचं डासांचं मलमही त्याच्या अंगाला नाही, कारण कुत्रा चाटतोच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर भरलं. वहिनींच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या, त्यांची पाच पोरं, अंगणातल्या निंबाला झोका, आमरसाचा बेत. मला वाटलं आता काही खरं नाही. पण वहिनींनी पहिल्याच सकाळी पोरांना कोंडवाड्यासमोर बसवलं आणि सांगितलं, "याच्या काळजाला जखम आहे. तो तुम्हाला बघून नाचला की ती उलते." पोरांनी ते मनावर घेतलं. सहा दिवस पोरं त्याच्यापाशी कुजबुजत बोलायची. धाकटी तर झोक्यावरून उतरून बोट ओठावर ठेवून त्याच्यासमोरून जायची. त्या सहा दिवसांतला मण्यांचा आकडा एकदाही सत्तावीसच्या वर गेला नाही.

पोळा

जूनपासून बिहू भरला. केस चकाकायला लागले, खोकला गेला, डोळ्यांत तेज आलं. पेरण्या सुरू झाल्या, घरातली माणसं शेतात अडकली, आणि मण्यांची मोजणी दोन-तीन दिवसांआड व्हायला लागली. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पाच महिने एक कुत्रा डोळ्यांत तेल घालून सांभाळणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सजवलेले बैल वाजतगाजत गल्लीतून निघाले. ढोल पडवीपाशी आला. नातू बैलांना पाहायला धावला आणि कोंडवाड्याची कडी लावायची राहिली. बिहू बाहेर पडला आणि घुंगरांच्या मागे सुटला. मारुतीच्या पारापर्यंत गेला, तिथून वळसा घेऊन परत, पुन्हा पारापर्यंत. आम्ही धरला तेव्हा जीभ बाहेर, पण खूश. मी मनात म्हटलं, निभावलं.

रात्री साडेअकराला वहिनींनी हाक मारली. बिहू कोंडवाड्यात पुढचे पाय फाकवून, मान ताणून उभा होता. झोपायला तयार नाही. खोकल्याबरोबर जमिनीवर गुलाबी फेस पडलेला, त्यात रक्ताचे धागे. हिरड्या दाबून पाहिल्या तर फिक्या. वहिनी माळ घेऊन बसल्या आणि मिनिट संपल्यावर त्यांचं बोट सेहेचाळीसाव्या मण्यावर होतं. "काय व्हयनं रे तुले, बिहू," एवढंच त्या म्हणत राहिल्या. नातू भिंतीकडे तोंड करून रडत होता.

डॉक्टरांनी फोन उचलला, हे आमचं नशीब. अशा प्रसंगासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या आणि त्यांचं माप त्यांनी आधीच लिहून दिलं होतं, ती फोनवर खात्री करून दिली. दिवे मालवले, पंखा समोर, अंगावर हात फिरवणंसुद्धा बंद. पहाटे गाडी करून जळगाव, गाडीत नातवाच्या मांडीवर त्याचं डोकं. तिथं दोन दिवस ऑक्सिजन आणि औषधं. तिसऱ्या दिवशी खोकल्यातलं रक्त थांबलं. मेलेल्या जंताचे तुकडे फुप्फुसात अडकले होते, धावण्यानं तिथून रक्त आलं, असं डॉक्टर म्हणाले. लघवी काळसर लाल झाली असती किंवा तो कोसळला असता, तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं, कारण तेव्हा जंत हृदयाच्या तोंडाशीच गोळा झालेले असतात आणि शस्त्रक्रियेनं ओढून काढण्याशिवाय मार्ग राहत नाही.

घरी आल्यावर नातू कोंडवाड्याकडे फिरकेना. नानांनी त्याला काही समजावलं नाही. कडी काढून टाकली आणि तिथं दोन कड्या बसवल्या, आणि दुसरी लावायचं काम नातवाकडे दिलं. त्या दिवसापासून रोज रात्री मी माझ्या ओट्यावरून दोन 'खट' ऐकतो. स्टेरॉइडमुळे बिहूला तहान आणि भूक अनावर व्हायची, रात्री दोन वेळा बाहेर न्यावं लागायचं. ती पाळीही त्यानं स्वतःहून घेतली. सातवीतून आठवीत गेलेलं पोरगं, शाळा बुडू न देता.

आजची स्थिती

सप्टेंबरअखेर सहा महिन्यांची तपासणी झाली. रक्तात पिल्लं एकही नाही, अँटिजेनची रेघ मात्र होती. वहिनींचा चेहरा पडला. डॉक्टरांनी समजावलं, की पिल्लं गेली म्हणजे आता हा कुत्रा डासावाटे रोग पसरवू शकत नाही, आणि प्रौढ जंत जायला वेळ लागणार हे ठरलेलंच होतं. गल्लीतल्या पाळीव दोन कुत्र्यांचं रक्त आम्ही मुद्दाम ऑक्टोबरात तपासलं, आधी नाही. त्यांना लागण झालीच असती तर ती चाचणीत दिसायला तेवढे महिने जावे लागतात. दोघेही स्वच्छ निघाले. दोघांच्या मालकांनी आता महिन्याचं प्रतिबंधक औषध सुरू केलं आहे.

या मार्चमध्ये बिहूची चाचणी पुन्हा केली. दहा मिनिटं सगळे पट्टीकडे पाहत उभे होतो. दुसरी रेघ आली नाही. पण एका चाचणीवर डॉक्टर निकाल देत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा, आणि तीही कोरी आली तर संपलं असं म्हणायचं. तोपर्यंत मानेवरचं औषध चालू. ते पुढेही, आयुष्यभर, महिन्याच्या महिन्याला, कारण एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं या रोगाचं नाही. फुप्फुसाच्या नळ्यांवर उरलेले व्रण काही पूर्ण जाणार नाहीत, त्यामुळे रानडुकरांमागे धावणं आता त्याच्या नशिबी नाही.

चालायला मात्र परवानगी मिळाली आहे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग सात, आता दहा. संध्याकाळी ऊन उतरलं की नातू छातीचा पट्टा घालतो, आणि दोघं पारापर्यंत जाऊन येतात, पावलापावलानं. बिहू मधे थांबून गटाराच्या कडेची प्रत्येक वीट हुंगतो, नातू घाई करत नाही. परत आले की वहिनी विचारतात, "धापला का?" नातू नाही म्हणतो. तरी रात्री दहाला त्या माळ घेऊन बसतात. काल तेवीस होते.